लाइट गेल्यावरही फोन चालू राहावा म्हणून कंपन्यांना बॅकअपची सक्ती करता येते का?

येते की, अमेरिकेत करून झालीय. २००५ च्या कॅटरिना वादळात फोन ठप्प झाले म्हणून २००७ मध्ये तिथल्या एफसीसीने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, नियम काढला, मोबाइल टॉवरला ८ तास आणि एक्स्चेंजला २४ तास बॅकअप पाहिजेच. झालं, कंपन्या गेल्या कोर्टात, खर्च परवडत नाही, गच्चीवरच्या टॉवरपाशी एवढ्या जड बॅटऱ्या ठेवायच्या कुठे वगैरे, आणि २००८ मध्ये व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसनेच नियम अडवला. पुढे २०२० मध्ये कॅलिफोर्नियाने मात्र वणव्याचा धोका असलेल्या भागांत थेट ७२ तासांची सक्ती केली. आता ७२ तास नुसत्या बॅटरीवर निघणं अवघड, जनरेटर आलाच, आणि रस्ते बंद असले की डिझेल पोचवणार कोण, खरा घोळ तिथे आहे.

बाकी घरचा फोन फायबरवर असेल तर टॉवरचा नियम तुमच्या काही कामाचा नाही. जुन्या तांब्याच्या वायरीवर एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्ट यायचे म्हणून तो फोन अंधारातही वाजायचा, फायबरच्या डब्याला घरातलीच लाइट लागते. छोटा यूपीएस घ्या आणि डबा, राउटर दोन्ही त्यावर टाका, लोक फक्त राउटर लावतात आणि मग बोंबलतात.