राजीनाम्याआधी पाळणाघराचा हिशेब

पत्र: माझी मुलगी अकरा महिन्यांची आहे. मी अंबडच्या एका कारखान्यात पॅनेल असेंब्लीला आहे. नोकरीला चार वर्षं चार महिने झाली. पगार 19,000, हातात 17,300 येतात. वेळ साडेआठ ते पाच. मिस्टर टूलरूममध्ये आहेत, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. आजवर बाळाला सासूबाई सांभाळायच्या, पण त्यांचे गुडघे गेलेत. रांगत्या पोरीमागे उठबस त्यांना होत नाही. घराजवळच्या पाळणाघराची फी 6,500 आहे. घरात सगळे म्हणतात, एवढे देऊन उरतं काय, सोड नोकरी. त्यातच आमच्या बचत गटाने वस्तीत मोफत सरकारी पाळणाघर मिळावं म्हणून अर्ज करायचं ठरवलंय. मी सही करणार म्हटल्यावर नणंद म्हणाली, 'पोरं तुमची, मग सांभाळायचा खर्च लोकांनी का करायचा?' मला उत्तर सुचलं नाही. नोकरी सोडू का? आणि सही करणं चुकीचं आहे का?
– एक वाचक, सिडको, नाशिक

प्रिय ताई,

राजीनामा देऊ नका आणि सही जरूर करा. फक्त सही करण्याआधी तो अर्ज नीट लिहून घ्या. 'मोफत पाळणाघर हवे' एवढंच लिहिलेला अर्ज मंजूर झाला, तरी तुमच्या कामाचं पाळणाघर मिळेलच असं नाही.

आधी घरातला हिशेब. 17,300 मधून 6,500 गेले, जाण्यायेण्याचे हजार-बाराशे गेले, की साडेनऊ हजार उरतात. एवढ्यासाठी कशाला, असं घरचे म्हणतात. पण पाळणाघराची फी एकट्या तुमच्या पगारातून का वजा करायची? मूल दोघांचं आहे. फी घरखर्चात धरा, घरभाडं आणि किराणा धरता तशी.

शिवाय हातात येतो तेवढाच तुमचा पगार नाही. तुमच्या आकड्यांवरून मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून साधारण 13,000 असावेत, पगारपत्रकावर तपासून घ्या. त्याच्या 12 टक्के म्हणजे 1,560 रुपये तुमचे पीएफमध्ये जातात आणि तेवढेच मालक भरतो. राज्य कामगार विम्यात तुमचा पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के जातो. नोकरी सोडलीत की तुमच्या नावावरचा विमा जातो आणि सातपूरच्या विमा रुग्णालयात त्यावर मिळणारे उपचारही जातात. ग्रॅच्युइटीला, म्हणजे नोकरी सोडताना मालकाकडून मिळणाऱ्या एकरकमी पैशाला, सलग पाच वर्षं लागतात, तुमची आठ महिन्यांनी पूर्ण होतील. हिशेब असा: 13,000 गुणिले 15, भागिले 26, म्हणजे वर्षाला 7,500. पाच वर्षांचे 37,500. आज राजीनामा देऊन त्यावर पाणी सोडू नका. आणि दोन-तीन वर्षांनी परत जायचं म्हटलं तर कायमची जागा क्वचितच मिळते, बहुतेकींना ठेकेदाराच्या हजेरीवरच यावं लागतं.

आता कारखान्याकडे वळू. 1961 च्या मातृत्व लाभ कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली. 50 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने ठरलेल्या अंतरात पाळणाघराची सोय केली पाहिजे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ दिलं पाहिजे, असं त्यात आलं. तो कायदा आता 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, ती नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि हीच तरतूद तिच्यातही आहे. घोळ होतो तो पन्नासच्या मोजणीत. 'आमच्याकडे 50 बायका कुठे आहेत?' असं एचआरकडून ऐकायला मिळतं. कायदा 50 कर्मचारी म्हणतो, त्यात पुरुषही आले. तीस महिला कामगारांची अट होती ती 1948 च्या कारखाने अधिनियमातली. दोन्हींची सरमिसळ होते आणि बायका गप्प बसतात.

तुमच्या कारखान्यात किती माणसं आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. पन्नास किंवा जास्त असतील तर एचआरला लेखी अर्ज द्या. कायम, हंगामी, ठेकेदाराकडचे असे सगळ्यांचे अंदाजे आकडे त्यात लिहा. एकटीने देऊ नका, लहान मुलं असलेल्या चार-पाच जणींच्या सह्या घ्या. स्वतंत्र खोली बांधायचा आग्रह नको. जवळच्या कारखान्यांनी मिळून एक पाळणाघर चालवलं तरी कायद्याला चालतं आणि बऱ्याच कंपन्या जवळच्या खासगी पाळणाघराशी करार करून फी भरतात. लहान कारखान्याला हेच झेपतं. तोंडी 'बघतो' आलं तर पंधरा दिवसांनी स्मरणपत्र द्या. त्यानंतर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या नाशिक कार्यालयात प्रत नेऊन द्या. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज दूध पाजण्यासाठी दोन वेळा सुट्टी मिळण्याचा हक्कही आहे. तुमच्या हातात अजून चार महिने आहेत, त्याच अर्जात तेही मागा.

अर्जाचा निकाल लागेपर्यंत बाळ कुठे राहणार? तूर्त घराजवळचंच पाळणाघर घ्या, पण पूर्ण दिवसाचा सौदा लगेच करू नका. मिस्टर सेकंड शिफ्टला असतात त्या आठवड्यात ते दुपारपर्यंत घरी असतात, तेव्हा बाळाला पाळणाघराची गरज दुपारनंतरच. फर्स्ट शिफ्टला ते चारच्या सुमारास बाळाला घरी आणू शकतात. महिन्याचे असे तक्ते पाळणाघरवालीसमोर मांडले तर फी कमी होऊ शकते, विचारायला काय हरकत आहे? सासूबाईंवर अख्खा दिवस टाकू नका. तुम्ही आठला निघता आणि पाळणाघर नऊला उघडत असेल तर तेवढा एक तास त्यांच्याकडे ठेवा, तोही बाळ खाऊन-पिऊन तयार असताना.

पाळणाघर बघायला सकाळी जाऊ नका, दुपारी दीड-दोनला जा. सकाळी सगळीकडे गाणी आणि खेळणी असतात. दुपारी मुलं झोपलेली असताना खोलीत कुणी जागं आहे का, किती मुलांमागे किती बायका आहेत, लंगोट बदलल्यावर हात धुतात का, पाण्याचं पिंप झाकलेलं आहे का, दार लहान मुलाला उघडता येतं का, हे सगळं तेव्हा दिसतं. तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक बाई हा कमीत कमी निकष. त्याहून जास्त मुलं असतील तर फी कितीही कमी असो, नको.

अकरा महिने हे आईपासून दूर राहायला अवघड वय आहे, मुलं या सुमारास सगळ्यात जास्त चिकटतात. म्हणून दोन आठवडे हाताशी ठेवा. पहिले तीन दिवस तुम्ही सोबत बसून एक तास, मग तुमच्याशिवाय एक तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत. निघताना चोरून निघू नका, सांगून निघा. रडेल, पण तुम्ही परत येता हे तिला हळूहळू कळेल. गोवर-रुबेलाचा नवव्या महिन्यातला डोस झालाय का, कार्डावर बघा, पुढचा सोळाव्या महिन्यानंतर असतो. पहिले दोन-तीन महिने सर्दी-ताप येतच राहणार, त्यासाठी दोघांच्या मिळून सहा-सात रजा बाजूला ठेवा. आणि एक करू नका: सकाळी अंग गरम लागलं म्हणून पॅरासिटामॉल पाजून पाठवणं. औषधाचा जोर चार-सहा तासांत ओसरतो, दुपारी ताप चढतो, तोवर बाकीच्या मुलांना लागण झालेली असते आणि तुम्हाला लाइनवरून उठून यावं लागतं.

आता नणंदेचा प्रश्न. तो टाळू नका, प्रश्न रास्त आहे. लोकांनी खर्च का करायचा?

पहिलं म्हणजे खर्च आजही होतोच आहे, तो कुणाच्या वहीत दिसत नाही एवढंच. तुमच्या घरी तो सासूबाईंच्या गुडघ्यांतून निघाला. दुसऱ्या कुठल्या घरी तो मोठ्या बहिणीच्या शाळेतून निघतो. दिंडोरी-निफाडला द्राक्षांच्या हंगामात बाया पोराला बागेच्या कडेला साडीच्या झोळीत निजवतात, शेजारी फवारणीची पिंपं असतात. तिथे पोराच्या जिवावर बेततं. त्या बाईला ना एचआर, ना पन्नास कर्मचाऱ्यांची आस्थापना. मालकाने पाळणाघर द्यावं हा कायदा चांगला आहे, पण तो गेटवर हजेरी लागणाऱ्यांपुरता. घरकाम करणारी, भाजी विकणारी, शेतमजूर, दहा माणसांच्या वर्कशॉपमधली, यांना तो शिवतही नाही. म्हणून ही सोय सरकारी हवी आणि वस्तीला हवी, असं माझं ठाम मत आहे.

दुसरं म्हणजे आपण हे तत्त्व आधीच मान्य केलं आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण मोफत आहे, 'पोरं तुमची' असं तिथे कुणी म्हणत नाही. सहा वर्षांखालच्या सर्व मुलांचं संगोपन आणि शिक्षण यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असं 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद 45 सांगतो. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याच्या आधारे कोर्टातून पाळणाघर मिळवता येत नाही. म्हणून तर अर्ज करावे लागतात, सह्या गोळा कराव्या लागतात.

अंगणवाडी आहे की, असं कुणी म्हणेल. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हापासून अंगणवाड्यांनी केलेलं काम मोठं आहे. पण तीन वर्षांखालच्या मुलाला तिथे घरी न्यायचा आहार मिळतो, लसीकरण आणि वजनाची नोंद होते. ते मूल दिवसभर तिथे राहत नाही. तीन वर्षांवरची मुलंही दुपारी घरी येतात. कारखान्याचा भोंगा पाचला होतो.

ही फट भरायला केंद्राची 'पाळणा' योजना आहे, 2022 पासून 'मिशन शक्ती' या महिलांसाठीच्या केंद्रीय कार्यक्रमाखाली. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, सहा महिने ते सहा वर्षांची मुलं घ्यायची आणि आई नोकरी करते की नाही हे बघायचं नाही. त्याआधीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याचे 26 दिवस आणि दिवसाचे साडेसात तास ठरलेले होते, एका केंद्रात मुलं साधारण 25. तुमचं गणित मांडून बघा: आठला निघून साडेपाचला घरी, म्हणजे साडेनऊ तास. साडेसात तासांचं मोफत पाळणाघर उद्या दारात उघडलं तरी दोन तास उरतातच. आणि ते दोन तास रोज कुणाच्या तरी गळ्यात पडणार.

अडतं ते दुसऱ्या ठिकाणीही. एक कार्यकर्ती आणि एक मदतनीस नेमायची, वेतन न देता किमान वेतनाहूनही कमी मानधन द्यायचं, तेही उशिरा. मग शिकलेली, मायाळू बाई टिकत नाही आणि मदतनीस एकटी पंचवीस मुलं बघते. मोफत म्हणून मिळालेलं असं पाळणाघर मला नको आहे, तुम्हालाही नकोच असेल. माझा ढोबळ अंदाज सांगते. 25 मुलं, दहा तास, चार बायका प्रत्येकी 15,000 वर, म्हणजे 60,000. खाणं रोज मुलामागे 30 रुपये, 26 दिवसांचे 19,500. भाडं, वीज, पाणी, साबण, औषधं, दुरुस्ती धरून आणखी वीस हजार. महिन्याला लाखभर रुपये, मुलामागे चार हजार. नणंदेला हा आकडा सरळ सांगा, लपवू नका.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने 1997 मध्ये दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर सुरू केलं. आयांचं नोकरीतलं प्रमाण वाढलं, पण जागा पुरल्या नाहीत, रांगा लागल्या आणि सगळ्या केंद्रांचा दर्जा सारखा राहिला नाही. म्हणून माझा क्रम असा: आधी पुरेशा बायका आणि त्यांचं वेतन, मग वेळ, मग मोफत. सरकारकडे तिन्हींना पैसे नसतील तर काही वर्षं दोन-तीनशे रुपये फी घ्यावी, पण बायका कमी करू नयेत. उत्पन्नाचा दाखला मात्र मागू नये. तहसीलच्या फेऱ्यांत हंगामी मजुराची दोन दिवसांची मजुरी बुडते आणि ज्यांच्यासाठी सोय केली तेच बाहेर राहतात.

घरी राहून मूल सांभाळणाऱ्या बाईला काय मिळणार, असंही नणंद विचारेल. तिलाही पाळणाघर खुलं असावं. आजारपणात, दुसऱ्या बाळंतपणात तिलाही चार तास लागतातच.

आता अर्ज. एकात्मिक बालविकास योजनेच्या (अंगणवाड्यांच्या) नागरी प्रकल्पाच्या बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या नावे लिहा, प्रती महापालिकेच्या महिला व बालकल्याण विभागाला आणि नगरसेवकांना. सोबत तक्ता जोडा: मुलाचं वय महिन्यांत, आईची कामाची जागा, निघायची वेळ, परतायची वेळ. 25 मुलांचा तक्ता भरला तर 'मागणीच नाही' हे उत्तर देता येत नाही. जागा कुठली ते तुम्हीच सुचवा, शौचालय आणि झोपायला दुसरी खोली आहे का ते आधी बघून. मागणीत चार गोष्टी स्पष्ट लिहा: सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा, तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक कार्यकर्ती, त्यांना किमान वेतन, आणि पालकांची देखरेख समिती. मुलांच्या नावांचा तक्ता व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, कागदावरच ठेवा. आवक विभागात अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. महिनाभरात उत्तर नाही आलं तर त्याच क्रमांकाचा हवाला देऊन माहिती अधिकारात विचारा की अर्जावर काय कार्यवाही झाली. माहिती अधिकाराच्या अर्जाला दहा रुपये लागतात आणि 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं.