चिखलदऱ्याला ड्रोन नेतोस तर
भाऊ, परतवाड्यात ऊन आहे म्हणून वर चिखलदऱ्यातही असेल, असं समजू नको. पावसाळ्यात पाच मिनिटांत धुक्यानं दरी भरते. माझा पहिला ड्रोन असाच पांढऱ्यात गेला. आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. कड्यावर मूठभर वाळलं गवत सोडून बघ. ते वर उडालं तर बॅग उघडूच नको. जाताना वारा पाठीशी असला की मजा वाटते, येताना तोच बॅटरी खातो. निम्मी उरायच्या आतच वळव.

डिजिटल स्काय, म्हणजे सरकारच्या ड्रोनसाठीच्या संकेतस्थळावरचा नकाशा त्याच सकाळी बघायचा. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. 250 ग्रॅमच्या आतल्या ड्रोनला पायलट प्रमाणपत्रही नको. पण मेळघाट व्याघ्र प्रकल्पाची हद्द तिथून जवळच, अन् तिथं वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय पंखाही फिरवायचा नाही.