लाईट गेल्यापासून कॉम्प्युटर चालू करताना वेगवेगळे एरर येतात. हार्डडिस्क गेली का?

तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तरी गेलेली वाटत नाही. वळवाच्या पावसात लाईट गेली, यूपीएस असूनही चालू डेस्कटॉप धाडकन बंद पडला. सकाळी आधी काळ्या पडद्यावर ‘एफ१ दाबा’, मग डिस्कची तपासणी, आणि विंडोज उघडल्यावर ब्राउझर म्हणतो कनेक्शन प्रायव्हेट नाही. दुकानदार म्हणतो डिस्क बदला, फॉरमॅट मारा. थांबा जरा. मी सांगलीत रिपेअरिंगच करतो, आणि एप्रिल-मे मध्ये अशी मशिनं रांगेनं येतात. त्यातली बरीचशी फॉरमॅट न करता परत जातात.

एफ१ वाला मेसेज विंडोजचा नाहीच. विंडोजचा लोगो यायच्या आधी जे दिसतं ते मदरबोर्डचं, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाचं असतं. तिथे ‘सीमॉस चेकसम एरर’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ असं काही असेल, तर बोर्डावरचा रुपयाएवढा गोल सेल संपत आलाय. सीआर२०३२ म्हणून मागा, शंभराच्या आत मिळतो. आता हा सेल नेमका त्याच रात्री कसा संपला? तो आधीच संपला होता. भिंतीवरचं बटण चालू असतं तोवर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधल्या पॉवर सप्लायच्या डब्यातून) बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि घड्याळ त्यावर चालतं. रात्रभर लाईट नसली की सगळा भार सेलवर येतो, आणि तो हात टेकतो.

तारीख मागे गेली की ब्राउझरही बिथरतो. वेबसाइटच्या सर्टिफिकेटला, म्हणजे तिच्या ओळखपत्राला, मुदत असते. तुमच्या कॉम्प्युटरच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नाही. म्हणजे तुमचा पहिला आणि तिसरा एरर एकच. खाली कोपऱ्यात तारीख बघा, दोन मिनिटांत कळेल.

याच सेलमुळे आणखी एक घोळ होतो, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बायोसची (बोर्डातल्या, विंडोजच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅमची) सेटिंग मूळपदावर जाते, बूटचा क्रम, म्हणजे विंडोज आधी कुठे शोधायचं तो क्रम, बदलतो आणि ‘बूट डिव्हाइस नॉट फाउंड’ येतं. हा मेसेज आला की लोक डिस्कवर फुली मारून मोकळे होतात. आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा, मग बायोसमध्ये जाऊन डिस्कचं नाव दिसतंय का बघा. नाव दिसत असेल तर फक्त क्रम नीट लावायचा. सेल बदलायला कॅबिनेट उघडाल तेव्हा प्लग काढा आणि ब्रशने धूळही झाडा. यार्डातल्या हळदीच्या पेढ्यांवरचे सीपीयू उघडले की पंख्यावर चक्क पिवळा थर असतो. तुमच्याकडे नुसती माती निघेल.

राहिली डिस्कची तपासणी. ती बिघाड नाही, खबरदारी आहे. विंडोज डिस्कवर काही बदलताना आधी रोजकीर्दीत टिपण करतं आणि मग खातेवहीत चढवतं. मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी ते टिपण वाचून अर्धवट नोंदी पुऱ्या करतं किंवा खोडतं. तरीही शंका उरली की डिस्कवर खूण राहते आणि चेकडिस्क, म्हणजे हीच तपासणी, सुरू होतं. ही वही फाइलींच्या मांडणीची, आतल्या मजकुराची नव्हे. त्यामुळे तेव्हा उघडी असलेली, सेव्ह न केलेली एक्सेल शीट गेली असू शकते. सी ड्राइव्हवर ‘फाउंड.०००’ नावाचा फोल्डर दिसला तर तपासणीत सापडलेले तुकडे त्यात आहेत. लगेच डिलीट करू नका.

तपासणी चालू असताना टक्केवारी एकाच आकड्यावर तासभरसुद्धा बसून राहते. कॅबिनेटवरचा छोटा दिवा लुकलुकतोय ना? मग काम चालू आहे, चहा घ्या. इथेच लोक कंटाळून पॉवर बटण दाबून धरतात. तसं दोन-तीनदा झालं की विंडोज १० स्वतःच ‘प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर’वर जातं आणि निळ्या पडद्यावर पर्याय देतं. त्यातलं ‘स्टार्टअप रिपेअर’ बिनधास्त निवडा. ‘रिसेट धिस पीसी’मध्ये ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’ला मात्र हात लावू नका.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत) लाल खुणेचा ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसला तर घाबरू नका. मागच्या वेळी नीट बंद झालं नव्हतं, एवढंच तो सांगतो. ते तुम्हाला माहीतच आहे.

डिस्क खरंच आजारी असली तर वेगळं दिसतं: नीट शट डाऊन करूनही पुन्हा पुन्हा तपासणी लागते, साधी फाइल उघडताना मशीन गोठतं, आतून टकटक आवाज येतो, किंवा सुरुवातीलाच ‘स्मार्ट स्टेटस बॅड, बॅकअप अँड रिप्लेस’ येतं. तेव्हा दुरुस्तीच्या नादी न लागता आधी डेटा दुसरीकडे उतरवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर चेकडिस्क चालवलं तर ती त्यातच बसते.

यूपीएस आहे म्हणालात, तरी मशीन बंद पडलं. म्हणजे बहुधा त्याची बॅटरी गेली. दोन-तीन वर्षांत ती जातेच. बॅटरी तेवढी बदलून मिळते, नवा यूपीएस घ्यायची गरज नाही. ज्यांचा कॉम्प्युटर घरच्या इन्व्हर्टरवर आहे त्यांनी मागचं बटण ‘यूपीएस’ मोडवर आहे का बघावं. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बदल व्हायला जो क्षण लागतो, तेवढ्यात पंखा फिरत राहतो पण कॉम्प्युटर पडतो.

सेल बदलून, तारीख लावून बघा. तरीही काही आलं तर पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून इथे टाका, अगदी खालची ओळसुद्धा दिसेल असा.