२००४ ची स्प्लेंडर प्लस: इंजिन ऑईल १०डब्ल्यू३० टाकू की २०डब्ल्यू५०?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वडिलांची २००४ ची स्प्लेंडर प्लस आहे, निफाडला रोज घर-शेत-बाजार अशी फिरते, मेकॅनिक म्हणतो गाडी जुनी झाली आता जाड ऑईल टाका २०डब्ल्यू५० वगैरे, मित्र म्हणतो फुल सिंथेटिक टाक, मग नेमकं काय टाकायचं. आधी सरळ उत्तर देतो. १०डब्ल्यू३० टाका, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑईलचं जपानी स्टँडर्ड, खाली सांगतो) लिहिलेलं बघून, साधं मिनरल म्हणजे सिंथेटिक नसलेलं चालेल, आणि वेळेवर बदला. गाडी ऑईल खात असेल तर २०डब्ल्यू४०. २०डब्ल्यू५० या इंजिनला नको.

आता का ते सांगतो, कारण मेकॅनिक समोर उभा राहून ठामपणे बोलला की आपण गप्प बसतो, कारण माहीत असेल तर बसत नाही.

त्या नंबरांचा अर्थ बऱ्याच जणांना उलटा सांगितलेला असतो. डब्ल्यू म्हणजे विंटर, त्याच्या आधीचा आकडा थंडीतला आणि नंतरचा आकडा गरम इंजिनमधला. नंतरच्या आकड्याची टेस्ट १०० डिग्रीला होते, ३० चं ऑईल तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकमध्ये (ऑईलचा जाडपणा मोजायचं माप) बसतं, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. म्हणजे ३० मधलं वरच्या टोकाचं आणि ४० मधलं खालच्या टोकाचं ऑईल यात फरक नावापुरताच. पण ५० म्हणजे खरंच जाड. थंडीची टेस्ट १०डब्ल्यू ला उणे २५ ला होते आणि २०डब्ल्यू ला उणे १५ ला, तेवढी थंडी आपल्याकडे कुठेच पडत नाही त्यामुळे २०डब्ल्यू ने गाडी चालूच होणार नाही असलं काही नाही. तरी फरक पडतो. तुमच्या निफाडला तर जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत उतरतो, दर हिवाळ्यात पेपरात नाव येतं, अशा पहाटे तुम्ही किक मारता तेव्हा १०डब्ल्यू३० च्या मानाने २०डब्ल्यू४० जवळपास दुप्पट जाड असतं आणि २०डब्ल्यू५० त्याहून जास्त. या इंजिनाचा पंप छोटासा आहे आणि वर हेडमध्ये कॅमशाफ्टपर्यंत (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ऑईल सगळ्यात शेवटी पोचतं. तेवढे काही सेकंद कॅम आणि रॉकर जवळपास कोरडे घासतात. जाड ऑईल टाकून इंजिन वाचवायला गेलो आणि रोज सकाळी तेच घासतोय असं होतं. दुधाच्या रतिबासारखं रोज लवकर उठून फिरणं असेल तर हे जास्तच लागू.

मेकॅनिकचं म्हणणं अगदीच खोटं नाही हेही सांगतो. जाड ऑईल टाकलं की गाडीचा आवाज खरंच कमी होतो. टॅपेट (व्हॉल्व्हवरची फट जिथे सेट करतात ते) वाजायचे कमी होतात, टायमिंग चेनची खरखर दबते, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. पण आवाज दबला म्हणजे झीज भरून आली असं नाही ना. टॅपेट वाजत असतील तर टॅपेट सेट करून घ्या, थंड इंजिनवर, दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. चेन वाजत असेल तर चेन आणि टेन्शनर बघायला सांगा. ऑईल बदलून ते काम होत नाही, नुसतं पुढे ढकललं जातं आणि पुढे जाऊन महाग पडतं.

मग २०डब्ल्यू४० कधी? लेव्हल खाली जात असेल तेव्हा. हे बघायची पद्धतही बरेच जण चुकीची करतात म्हणून लिहितो. गाडी डबल स्टँडवर लावा, सपाट जागेवर, तीन-चार मिनिटं चालू ठेवा, बंद करा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग डीपस्टिक काढून पुसून परत नुसती आत ठेवा, आटे फिरवायचे नाहीत, आणि काढून बघा. आटे फिरवून बघितलं तर काठी जास्त आत जाते, लेव्हल आहे त्यापेक्षा जास्त दिसते आणि आपण निवांत राहतो. असं दर पंधरा दिवसांनी बघा. हजार किलोमीटरमध्ये लेव्हल थोडीशी उतरली तर वीस वर्षांच्या गाडीला ते चालतं, टॉप अप करा. वरच्या खुणेवरून पार खालच्या खुणेला येत असेल तर गाडी ऑईल खातेय, आणि मग धूर बघा. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर निळसर धूर येऊन बंद होत असेल तर बहुतेक व्हॉल्व्ह सील गेलेत, ते फार महाग काम नाही. उतारावर गियरमध्ये सोडून आल्यावर खाली परत रेस दिली की भपकन निळा धूर आला तरी सील किंवा गाईड. पण रेस देईल तेव्हा सतत धूर, चढाला सुद्धा, तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, मग २०डब्ल्यू४० टाकून एखादा सीझन काढता येईल पण शेवटी हाफ इंजिन, म्हणजे सिलेंडर-पिस्टनचं काम, करावंच लागेल. एकच लक्षात ठेवा, ऑईल खाणारी गाडी लेव्हल न बघता पळवली तर पिस्टन जाम होतो.

आणखी एक गोष्ट फार कमी लोक बोलतात. मोटरसायकलमध्ये तेच ऑईल इंजिनला, तेच गियरला आणि तेच क्लचला. गियरचे दाते ऑईलमधली व्हिस्कॉसिटी म्हणजे जाडपणा टिकवणारी पॉलिमर अक्षरशः कापत असतात, त्यामुळे ४० चं ऑईल वापरता वापरता पातळ होऊन ३० च्या जवळ येतं आणि ३० चं त्याच्याही खाली. म्हणून मी म्हणतो ग्रेडपेक्षा बदलण्याची तारीख जास्त महत्त्वाची. जुन्या इंजिनात मी स्वतः अडीच-तीन हजारच्या वर ओढत नाही, आणि गाडी कमी फिरत असेल तरी सहा महिन्यांत बदलतो. तुमच्या गाडीला कारसारखा कागदी फिल्टर नाही, एक जाळी आहे आणि एक गोल फिरणारा सेंट्रीफ्युगल फिल्टर, त्यात घाण चिकटून बसते, आणि ते साफ करायला उजव्या बाजूचं कव्हर उघडावं लागतं म्हणून कोणी करतच नाही. वर्षानुवर्षं. तुमच्या गाडीचं ते कधी उघडलंय का हे वडिलांना विचारा, आठवत नसेल तर या वेळी मेकॅनिकला सांगून उघडून घ्या, नवीन पॅकिंग सोबत घेऊन जा. महागड्या ऑईलवर घालणार ते पैसे इथे घाला, जास्त उपयोग होईल.

क्लचवरून जासोचा मुद्दा येतो, आणि डब्यावर सगळ्यात आधी हेच बघायचं, ब्रँड नंतर. क्लच प्लेटा ऑईलमध्ये बुडालेल्या असतात. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करायची द्रव्यं घातलेली असतात, मायलेजसाठी, ती प्लेटांवर गेली की क्लच सरकतो, रेस वाढते आणि गाडी पळत नाही. म्हणून जपानी लोकांनी १९९८ मध्ये मोटरसायकलसाठी वेगळं जासो स्टँडर्ड काढलं, एमए म्हणजे वेट क्लचला चालणारं, एमबी म्हणजे कमी घर्षणाचं, जे स्कूटरला चालतं कारण तिचा क्लच कोरडा असतो. पुढे २००६ मध्ये एमए चे एमए१ आणि एमए२ झाले. तुम्हाला तिन्हींपैकी कुठलंही एमए चालेल. घरात अॅक्टिव्हाचा एमबी लिहिलेला अर्धा डबा उरलाय म्हणून तो मात्र स्प्लेंडरमध्ये ओतू नका. तसंच गावाकडे ट्रॅक्टरचं उरलेलं ऑईल गाडीत टाकतात, चालते हो गाडी, पण ते ऑईल या क्लचसाठी तपासलेलंच नसतं, नको ते. डब्यावर एपीआय हे ऑईलच्या दर्जाचं अमेरिकन मानांकनही असतं, ते एसजे असो एसएल असो की एसएन, नवीन अक्षर जुन्या इंजिनाला चालतं. नवीन ऑईलमध्ये झीज रोखणारं फॉस्फरस कमी असतं अशी भीती घालतात ती कारच्या काही ग्रेडपुरती खरी आहे, जासो एमए वाल्यात ते किमान ०.०८ टक्के असावंच लागतं.

फुल सिंथेटिक टाकलं तर गाडी बिघडणार नाही. पण त्याचा खरा फायदा जास्त तापणाऱ्या, जास्त आरपीएमच्या इंजिनात आणि लांब पल्ल्याच्या बदलाला. शंभर सीसीच्या साध्या इंजिनात ते घालून अडीच हजारला फेकून द्यायचं म्हणजे पैसे गटारात. शिवाय वीस वर्षांचे कडक झालेले सील जुन्या चिकट गाळामुळे तग धरून असतात, चांगलं ऑईल तो गाळ धुतं आणि मग गळती दिसायला लागते, लोक म्हणतात सिंथेटिकने सील खाल्ले. सील आधीच गेलेले असतात.

कंपनीचा ९०० मिलीचा डबा मिळतो, १०डब्ल्यू३० च असतो, तो घ्या. नाहीतर पेट्रोल पंपावर सर्व्हो, मॅक किंवा एचपीचं जासो एमए लिहिलेलं घ्या, सरकारी आहे म्हणून हलकं समजायचं कारण नाही, मी बरीच वर्षं तेच वापरतोय. डबा स्वतः घेऊन जा, झाकणाखालचं सील समोर फोडायला सांगा, आणि रिकामा डबा परत आणा किंवा तिथेच त्याला भोक पाडा. तुमच्यासारख्यांचे रिकामे डबे विकत घेऊन त्यात गाळलेलं काळं ऑईल भरणारे लोक आहेत, हा धंदा आपण डबा सोडून दिल्यामुळेच चालतो, याची मला खरंच चीड येते.

बदलताना इंजिन कोमट असू द्या, १७ च्या पान्याने ड्रेन बोल्ट काढा, पूर्ण निथळू द्या, बोल्टाचा वायसर दबलेला असेल तर नवीन घाला, तो किरकोळ पैशांत येतो. रॉकेल किंवा डिझेल घालून इंजिन धुऊ देऊ नका, आत राहिलेलं रॉकेल नवीन ऑईल पातळ करतं आणि सुटलेला गाळ जाऊन त्याच जाळीला बसतो. निघालेलं ऑईल काळं दिसलं तर घाबरू नका, काळं होणं हे त्याचं कामच आहे. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय, आणि चमचमणारा धातूचा चुरा दिसला तर बोल्ट लावायच्या आधी मेकॅनिकला दाखवा. जुनं ऑईल बांधावर किंवा नाल्यात ओतू नका, विहिरीपर्यंत जातं ते, गॅरेजवाल्याच्या ड्रममध्येच टाका.

हे सगळं करून पहिल्या हजार किलोमीटरमध्ये लेव्हल किती उतरली आणि धूर कधी येतो ते इथेच खाली लिहा, सोबत टॅपेट शेवटचे कधी सेट केले तेही. त्यावरून सील की रिंगा ते बऱ्यापैकी सांगता येईल, उगाच कोणी आधीच इंजिन खोलायला नको.