चार लाखांची फी आणि कॉलेजचं नाव

इंजिनिअरिंग प्रवेशाचे कॅप राउंड (राज्याची केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) सुरू झाले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: मोठ्या नावाच्या कॉलेजसाठी शैक्षणिक कर्ज काढावं का? पुढच्या प्रकरणातले तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत.

वडील जिल्हा परिषदेत लिपिक, वय ५३, ओबीसी, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत. मुलीला एका खासगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठात कॉम्प्युटरला जागा मिळत होती, फी वर्षाला ४ लाख. तीच शाखा कॅपमधून एका खासगी विनाअनुदानित कॉलेजातही मिळत होती. वडिलांनी पिशवीतून चकचकीत माहितीपत्रक काढलं, त्यामागोमाग सातबारा. "मॅडम, जमीन तारण ठेवतो. चारचौघांत सांगायला नाव नको का?"

सातबारा तिथेच बाजूला ठेवावा लागला. साडेसात लाखांवरच्या कर्जाला बँका सहसा तारण मागतात, पण शेतजमीन बहुतेक बँका घेत नाहीत, कारण सरफेसी या थकीत कर्जवसुलीच्या कायद्याखाली तिच्यावर वसुली करता येत नाही. मग उरतं राहतं घर.

आता हिशेब. दरवर्षी ४ लाख, चार वर्षांचे १६ लाख. व्याज १० टक्के धरलं आणि हप्ते अभ्यासक्रम संपल्यावर वर्षभराने सुरू झाले, तर तोवर सरळव्याजच ५ लाख ६० हजार होतं. ते मुद्दलात मिळून २१ लाख ६० हजार. दहा वर्षांच्या फेडीला हप्ता साधारण २८,५०० रुपये, पंधरा वर्षांच्या फेडीला २३,२००. वसतिगृह यात धरलेलंच नाही. आणि पहिला हप्ता येईल तेव्हा सहकर्जदार वडील ५८ वर्षांचे, म्हणजे निवृत्त.

माहितीपत्रकावर सर्वात मोठ्या अक्षरांत होतं 'सर्वोच्च पॅकेज'. ते एका मुलाचं असतं. बघायचं ते मध्यक वेतन, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर मधोमध येणारा. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीसाठी भरलेली माहिती संस्थेच्या संकेतस्थळावर असते. त्यात प्रवेश किती, वेळेत उत्तीर्ण किती, नोकरी लागलेले किती आणि त्यांचं मध्यक वेतन किती, हे वर्षवार दिलेलं असतं. ते वाचताना दोन ठिकाणी फसायला होतं. मध्यक फक्त नोकरी लागलेल्यांचा असतो: ८०० उत्तीर्ण आणि ३५० जणांना नोकरी, तर उरलेले ४५० त्या आकड्यात नाहीतच. शिवाय सगळ्या शाखा एकत्र असतात. म्हणून शाखावार यादी प्लेसमेंट विभागाकडून ईमेलवर मागावी. टाळाटाळ झाली तर तेही उत्तरच समजावं. मध्यक ५ लाख असेल तर पीएफ वगैरे जाऊन हातात येतात महिन्याला ३५-३७ हजार. त्यातून २८,५०० गेल्यावर पुण्यातलं खोलीभाडं कशातून द्यायचं?

कॅपच्या जागेबद्दल मात्र घरात कुणालाच एक गोष्ट माहीत नव्हती. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य शासन भरतं. प्रवेश कॅपमधूनच हवा. व्यवस्थापन कोटा, खासगी अभिमत विद्यापीठं आणि खासगी विद्यापीठं यात येत नाहीत. अर्ज महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर दरवर्षी करायचा. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आधीच काढून ठेवावा, कारण ऐन प्रवेशाच्या गर्दीत तिथेच गाडी अडते. मग खर्च उरतो वसतिगृह, खानावळ आणि किरकोळ शुल्कांचा. त्यासाठी वर्षाला १ लाख कर्ज घेतलं तरी वरच्याच हिशेबाने हप्ता ७,१०० च्या आसपास बसतो, आणि ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत.

नावासाठी कर्ज कधीच काढू नये, असं नाही. मोठ्या बँकांकडे निवडक संस्थांची यादी असते. आयआयटी, एनआयटी, आयआयएमसारख्यांना मोठी रक्कमही विनातारण आणि कमी व्याजाने मिळते. कॉलेजच्या नावाला बाजारात किती वजन आहे, हे बँकेने आपल्या पैशांवर जोखलेलं असतं. या विद्यापीठासाठी बँक घर मागत होती.

मुलीने शाखावार आकड्यांसाठी ईमेल केला. उत्तरात तेच माहितीपत्रक आलं. तिने कॅपची जागा घेतली. अभिमत विद्यापीठात जागा राखायला भरलेले २५ हजार परत मिळवण्याचं काम बाकी होतं. परताव्याची शेवटची तारीख पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली होती, तिला चार दिवस उरले होते. अर्ज त्याच संध्याकाळी ईमेलने गेला आणि त्याची प्रत रजिस्टर पोस्टाने.