काकांबद्दल लिहिताना

चि. यास अनेक आशीर्वाद.

काकांच्या वर्षश्राद्धाला वाचायचा मजकूर मिळाला, दोनदा वाचला. ‘कष्टाळू, मायाळू, काळ्या आईचे सुपुत्र’ हे सगळं खरं आहे. पण हे शब्द पुरंदर तालुक्यातल्या कुठल्याही शेतकऱ्याच्या फोटोखाली छापता येतील. तुझे काका त्यात मला दिसले नाहीत, आणि ते दिसावेत अशी माझी फार इच्छा आहे.

त्यांच्या कामापासून सुरुवात कर. जन्मभर अंजीर केलं, एवढंच लिहून पुढे जाऊ नकोस. अंजिराचे बहर म्हणजे फळांचे हंगाम दोन. खट्टा बहर हिवाळ्यात येतो, पण त्यासाठी ऐन पावसाळ्यात पानांवरच्या तांबेरा रोगाशी झुंजावं लागतं. मीठा बहर उन्हाळ्यातला, गोडीला सरस, पण तोवर विहिरीला पाणी टिकायला हवं. काका कोणता बहर धरायचे, आणि कोणत्या वर्षी तो बदलला? त्या निर्णयावर घरातलं वर्ष अवलंबून असायचं. शिवाय अंजीर काही आंब्यासारखं आढीत घालून पिकवता येत नाही. झाडावर तयार झालेलंच तोडायचं आणि लगेच बाजार गाठायचा. म्हणून ती पहाटेची तोडणी. देठातून निघणारा पांढरा चीक कातडी खातो. काकांच्या बोटांची टोकं हंगामभर सोललेली असायची आणि तरी जेवताना ते तिखट कालवणात भाकरी कुस्करायचे, हे तूच मला सांगितलंस. मग ते मजकुरात का नाही?

पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं हे तू लिहिलंयस, ते राहू दे. पण त्या दिवशी काका काय म्हणाले, ते घरात विचार.

आता त्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणारे हिशेबाचे कागद. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून आलेली प्रत्येक पट्टी त्यांनी तारेत ओवून ठेवली होती. तू मला दाखवलीस तिच्या पुढच्या बाजूला हमाली, तोलाई वजा जाऊन उरलेली रक्कम होती, आणि मागे पेन्सिलीनं ‘मेस’, ‘पुस्तकं’, ‘एसटी’ आणि तुझं नाव. खाली त्याच अक्षरात त्यांच्या मुलाचं नाव. मुलगा आणि पुतण्या, दोघांचा खर्च एकाच कागदावर. काका म्हणून ते कसे होते, हे सांगायला मला याहून मोठा पुरावा सुचत नाही. ती पट्टी सभेत जशीच्या तशी वाचून दाखव.

जुने सातबारेही काढ. त्यातल्या गाव नमुना बारामध्ये वर्षावर्षाचं पीक नोंदलेलं असतं: कधी बाजरी, कधी घेवडा, कधी नुसतं ‘पड’, म्हणजे न पेरलेलं रान. तलाठ्याची प्रत्येक नोंद बांधावर जाऊन घातलेली असतेच असं नाही, म्हणून काकूंना विचारून ताडून घे. जिथं ‘पड’ दिसेल तिथं थांब. त्या वर्षी घर कशावर चाललं?

1972 च्या दुष्काळाबद्दल आत्यांकडे जा. काका तेव्हा ऐन विशीतले, दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. ‘काका कसे होते?’ असं विचारशील तर ‘देवमाणूस’ एवढंच उत्तर मिळेल. चुलीवर काय शिजत होतं ते विचार. मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीची भाकरी, कामावर मिळणारी सुकडी, म्हणजे पौष्टिक पिठाचा खाऊ, ती कोणाच्या वाट्याला किती यायची, इथून त्या आपोआप बोलत्या होतील. फोनवर रेकॉर्ड कर, पण फोन त्यांच्या तोंडासमोर धरू नकोस.

आणखी एक. बांधावरून भावकीशी झालेला वाद आणि त्यांचा राग तू गाळला आहेस. गाळू नकोस. गावातले सगळे तो जाणतात, आणि त्याच माणसाला त्यांनी पुढे मोटारीचं पाणी दिलं, हेही जाणतात. दोन्ही लिहिलंस तर लोक मान डोलावतील.

आत्यांची तब्येत बघता येत्या रविवारीच जा. दिवे घाटात गर्दी होते, सकाळी लवकर निघ. नवा मजकूर झाला की पाठव. वर्षश्राद्धाला मी येतोच आहे.

तुझा,
सर