वाचकांचे प्रश्न : वडिलांची स्मरणिका काढताना

प्रश्न : वडील वीज मंडळात वायरमन होते. निवृत्तीनंतर वाचनालय, गणेश मंडळाचा हिशेब, रक्तदान शिबिरं आणि पुराच्या वेळची धावपळ यातच ते रमले. पहिल्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची आहे. अडीच महिने हातात आहेत. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, भिलवडी (जि. सांगली)

उत्तर : लोकांकडे लेख मागू नका. कागद पुढे आला की माणूस ‘परोपकारी, अजातशत्रू, हसतमुख’ असंच लिहितो आणि सगळे लेख सारखेच होतात. त्यापेक्षा घरी जाऊन बसा, विचारून मोबाइलवर रेकॉर्डिंग करा आणि नेमकं विचारा : ओळख कुठे झाली? तुमचं कोणतं काम त्यांनी केलं? तेव्हा काय बोलले? ‘रात्री दोनला डीपीचा फ्यूज गेला तरी यायचे आणि चहाला न थांबता जायचे’ एवढ्या एका वाक्यात वडील दिसतात. मजकूर उतरवला की ज्याचा त्याला वाचून दाखवा. कुणाला पैशाची मदत केली असेल, तर त्याच्या होकाराशिवाय नाव छापायचं नाही. वडिलांनी जे गाजावाजा न करता केलं, ते आपण चव्हाट्यावर आणू नये.

मग पडताळणी, आणि इथे घाई नको. तुमच्या भागात 2005, 2019 आणि 2021 हे पूर बोलताना हमखास मिसळतात. 2019 चा ऑगस्टमधला. तेव्हा सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोका पातळी 45 फूट असताना. 2021 चा जुलैअखेरचा, कोरोनाच्या काळातला. ‘तोंडाला मास्क होते का?’ एवढं विचारलं तरी तो वेगळा निघतो.

रक्तदानाचा आकडाही तपासा. पुरुषाला दोन रक्तदानांत 90 दिवसांचं अंतर ठेवावं लागतं, म्हणजे वर्षातून फार तर चार वेळा. ‘शंभर वेळा’ म्हणायचं तर 25 वर्षं एकही खेप चुकलेली नसावी. कार्डं आणि प्रमाणपत्रं मोजा, भरतील तेवढीच छापा. खरा आकडा लहान असला तरी त्यात कमीपणा नाही.

जन्मतारीख 1 जून असेल, तर ती बहुधा शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली असते. आत्या-काकांना महिना, सण विचारून घ्या. नोकरीच्या तारखा सेवापुस्तकात, वाचनालयातल्या कामाच्या प्रोसिडिंग बुकात, म्हणजे सभेच्या नोंदवहीत मिळतील. वर्षश्राद्ध तिथीनं केलं तर ते तारखेच्या साधारण 11 दिवस आधी येतं, मध्ये अधिक मास आला तर गणित बदलतं. त्यामुळे भटजींकडून तिथी आधी पक्की करा आणि छापखान्याला त्याच्या आठ दिवस आधीची मुदत द्या.

छपाईचं थोडक्यात : सेंटर पिनच्या (मधल्या घडीवर पिना मारलेल्या) पुस्तिकेला पानं चारच्या पटीत लागतात. 16 पानं पुरेत. डेमी 1/8 आकारात (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच) 13 पॉइंटच्या अक्षरात पानाला सव्वादोनशे-अडीचशे शब्द बसतात. फोटोंची पानं सोडली की अडीच हजार शब्दांच्या आत थांबा. आतला कागद 80 जीएसएम (जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे साधा बिनचकाकीचा घेतलात, तर फोटोंची पानं गुळगुळीत आर्ट पेपरवर वेगळी काढा, नाहीतर जुने फोटो काळवंडतात. तुमचा युनिकोड (मोबाइलवर टाइप होतो तो) मजकूर छापखान्याच्या फाँटमध्ये आणताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. म्हणून प्रूफ कागदावर मागा. एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं मूळ प्रतीवर बोट ठेवायचं. नावं आणि तारखा तिसऱ्याकडून पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : पुरात भिजलेल्या अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटलेत. सोडवता येतील का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : कोरडे ओढू नका, वरचा रंगाचा थर दुसऱ्या फोटोवर निघून येतो. आधी गठ्ठ्याचा जसा आहे तसा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. फोटो स्टुडिओत धुतलेले असतील, तर स्वच्छ गार पाण्यात अर्धा तास ठेवा आणि कोपऱ्यापासून अलगद सुटतात का पाहा. जोर लावावा लागला तर पुन्हा पाण्यात. सुटले की सावलीत, चित्र वर करून पसरा. घरच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालायचेच नाहीत, शाई वाहून जाते. काचेला चिकटलेला फोटो सोडवू नका, काचेवरूनच 600 डीपीआयला (स्कॅनच्या बारकाव्याचं माप) स्कॅन करून घ्या.